नोकरीतल्या इंजिनिअरांना शिकवायचंय? ट्रेनर मंडळींचे नेहमी येणारे प्रश्न

कॉलेजातले प्राध्यापक, कंपनीतले सिनिअर, रिटायर झालेले अभियंते असे बरेच जण आता कामावरच्या इंजिनिअरांना शिकवायला उभे राहायलेत, आणि त्यांचे तेच ते प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर येत राहतात. उदाहरणं आपल्या मराठवाड्यातलीच घेतलीत. आधी सोपे प्रश्न आहेत, शेवटचे दोन-तीन जरा अडचणीचे आहेत.

१. मी इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवतोय, मग मला परत ट्रेनिंग कशाला?

तुम्हाला शिकवता येतं, त्याबद्दल वाद नाही. पण कॉलेजातल्या पोराला सिलॅबस असतो, परीक्षेची भीती असते आणि सर सांगतील ते उतरवून घ्यायची सवय असते. वाळूजच्या प्लँटमधून किंवा जलसंपदाच्या उपविभागातून आलेल्या माणसाकडं यातलं काहीच नसतं, त्याच्या डोक्यात सोमवारचं अडकलेलं बिल नाहीतर बंद पडलेली मशीन असते. ह्या विषयाचा आपल्या कामाशी संबंध काय हे त्याला पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं नाही तर तो मोबाइल काढतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

माल्कम नोल्स नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९७० च्या आसपास हेच मांडलं होतं, की मोठा माणूस स्वतःचा अनुभव घेऊन वर्गात येतो, गरज पडली की शिकतो, आणि विषयापेक्षा प्रश्न धरून शिकतो. लहान पोरंही अशीच शिकतात की, अशी टीका त्यांच्यावर नंतर झाली, आणि तीही खरीच आहे. तरी इंजिनिअरांच्या बॅचपुढं उभं राहायच्या आधी एवढं डोक्यात पक्कं असलं तर फरक पडतो.

२. मी शिक्षक नाही, मेंटेनन्समध्ये आहे. स्टेजवर बोलायची सवय नाही. जमेल का?

जमेल, आणि बऱ्याचदा तुमचंच जास्त ऐकतात. तुमची अडचण वेगळी असते. तुम्हाला जे येतं ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मधल्या पायऱ्या सांगायच्या राहून जातात. बेअरिंगचा आवाज ऐकून तुम्ही सांगता काय बिघडलंय, पण नेमकं काय ऐकलं हे विचारलं की गाडी अडते. त्यासाठी मायक्रोटीचिंग करा. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली. एकच छोटा मुद्दा पाच-दहा मिनिटांत चार-पाच जणांना शिकवायचा, व्हिडिओ काढायचा, ऐकणाऱ्यांनी काय समजलं ते सांगायचं, आणि तोच मुद्दा सुधारून परत शिकवायचा. परत शिकवण्याचा भाग लोक कंटाळा करून सोडतात, आणि खरी सुधारणा तर त्यातच होते. मोबाइल आहे, घरची किंवा डिपार्टमेंटची चार माणसं आहेत, आणखी काही लागत नाही.

३. ट्रेनरचं हे ट्रेनिंग मिळतं कुठं?

सरकारी खात्यात असाल तर पुण्याची यशदा, म्हणजे राज्य सरकारची प्रशिक्षण संस्था. केंद्राच्या कार्मिक विभागानं आखलेले डायरेक्ट ट्रेनर स्किल्स आणि डिझाइन ऑफ ट्रेनिंग हे कोर्स तिथं होतात. पहिल्यात उभं राहून शिकवायला शिकवतात, दुसऱ्यात कोर्स बांधायला. आधी पहिलाच करा. प्राध्यापकांसाठी भोपाळची एनआयटीटीटीआर (तांत्रिक शिक्षकांना शिकवणारी राष्ट्रीय संस्था) आहे, शिवाय एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) अटल अकॅडमीचे एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांसाठीचे छोटे कोर्स असतात, मात्र बऱ्याच एफडीपींमध्ये नवीन तंत्रज्ञानच शिकवतात, शिकवायचं कसं ते नाही, म्हणून वेळापत्रक वाचून मगच नाव द्या.

आपल्या भागात १९८० पासून छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आहे, सिंचनातल्या अभियंत्यांना शिकवायचा तिथला अनुभव मोठा आहे. टूल आणि डायवाल्यांसाठी इंडो-जर्मन टूल रूम. ओळख काढून अशा ठिकाणी एखादा दिवस मागच्या बाकावर बसून बघायला मिळालं तर नक्की बसा, आणि शिकवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडं बघा.

४. खात्यानं नुसता विषय पाठवलाय, "काँक्रीट क्वालिटी कंट्रोल, एक दिवस". आता कोर्स कसा बसवायचा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ पण इथंच होतो, कारण बहुतेक जण लगेच लॅपटॉप उघडून सिमेंटच्या प्रकारांपासून स्लाइड करायला बसतात.

विषय आला की पहिला फोन पाठवणाऱ्या साहेबांना करा आणि सरळ विचारा, साहेब, आत्ताच हा विषय कामून निघाला? काहीतरी झालेलं असतंच. ऑडिटमध्ये शेरा आलेला असतो, क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे) फेल गेलेले असतात, नाहीतर मार्चएंडच्या आत ट्रेनिंगचा निधी संपवायचा असतो. (शेवटचं कारण असेल तरी कोर्स चांगला होऊ शकतो, फक्त तुम्हाला माहीत असावं.) मग एक दिवस काढून साइटवर जा. क्यूब रजिस्टर बघा, एमबीतल्या (मोजमाप पुस्तकातल्या) नोंदी बघा, काँक्रीट टाकताना कनिष्ठ अभियंता नेमका कुठं उभा असतो ते बघा. प्लँट असेल तर रिजेक्शनचा डेटा आणि ब्रेकडाउन रजिस्टर मागा.

बघताना प्रत्येक चुकीला एक प्रश्न लावा: हे त्याला येत नाही म्हणून होत नाही, की येऊनही करता येत नाही म्हणून? साइटवर क्यूबचे साचेच पुरेसे नसतील, किंवा पाणी वाढवू नको म्हटलं की ठेकेदार थेट वरच्या साहेबाला फोन लावत असेल, तर तिथं ट्रेनिंग देऊन काही होणार नाही. असं दिसलं की पाठवणाऱ्याला आधीच सांगा, शक्यतो लेखी, कारण नंतर खापर ट्रेनरवरच फुटतं. उरलेल्या, म्हणजे खरोखर न येणाऱ्या गोष्टींतल्या दोन-तीनच घ्या. एका दिवसात दोन-तीनच बसतात, साहेबांनी विषयांची यादी कितीही लांब पाठवली तरी.

५. उद्दिष्ट लिहायला सांगतात, ते कसं लिहायचं?

"समजेल", "माहिती होईल", "जाणीव निर्माण होईल" असे शब्द काढून टाका, कारण ते झालं की नाही हे तुम्हाला दिसत नाही. "तीन क्यूबचे आकडे दिले की नमुना ग्राह्य आहे का हे कोडप्रमाणे (भारतीय मानकाप्रमाणे) ठरवता येईल" असं लिहा. हे वर्गात बघता येतं. परीक्षा पण त्यातूनच निघते, त्याबद्दल प्रश्न १३ बघा.

६. दिवसभरासाठी किती स्लाइड लागतात?

जितक्या कमी तितकं बरं. फोटो, ड्रॉइंग, कोडमधला तक्ता यांच्यासाठी स्लाइड वापरा. वाचून दाखवायच्या स्लाइड उगं कशाला, पीडीएफ ग्रुपवर टाका.

७. समोर माझ्यापेक्षा जास्त अनुभवी माणसं बसतात. त्यांनी भरवर्गात चूक काढली तर?

काढतातच, आणि काढू द्यावी. एका बॅचमध्ये बघितलेला प्रसंग सांगतो. तरुण प्राध्यापक स्लंप टेस्ट, म्हणजे ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायची चाचणी, दाखवत होते. ३०० मिलिमीटर उंचीचा शंकू, तीन थर, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके. मागून एक रिटायरमेंटला आलेले उपअभियंता म्हणाले, "सर, चार थर असतात. आमचं आयुष्य गेलं त्यात." वर्ग हसला. प्राध्यापकांनी पुस्तक दाखवलं, साहेबांनी मान हलवली, आणि पुढचा अर्धा तास सगळं लक्ष कोण जिंकतंय तिकडं.

आता यात दोघंही बरोबर होते. आयएस ११९९ या भारतीय मानकाच्या १९५९ च्या आवृत्तीत चार थर होते, २०१८ ला ते मानक वेगवेगळ्या भागांत नव्यानं आलं तेव्हा तीन झाले. साहेब ज्या काळात शिकले तेव्हा चारच बरोबर होतं. अशा वेळी ट्रेनरनं "साहेब, हे चार थर तुम्ही कोणत्या सालापासून करताय?" एवढं विचारलं असतं तर साहेबांनीच सगळी गोष्ट सांगितली असती आणि कोड बदलतात हा मुद्दा फुकटात शिकवून झाला असता. म्हणून कोणी चूक काढली की पहिलं वाक्य "नाही" नको. कुठं बघितलं, कोणत्या कामावर, कोणत्या साली, हे विचारा. तुमचं खरंच चुकलेलं असेल तर तिथंच "बरोबर आहे साहेब, दुरुस्त करतो" म्हणा आणि पुढं चला. आणि दोन्ही बाजू अडून बसल्या तर जेवणाच्या सुट्टीत कोड उघडा, वर्गात वाद लांबवू नका.

८. कार्यकारी अभियंता आणि कनिष्ठ अभियंता एकाच बॅचला आले की कनिष्ठ तोंडच उघडत नाहीत, काय करावं?

आपल्याकडं साहेबांपुढं बोलायचं नाही हे इतकं मुरलेलं असतं की "मोकळेपणानं बोला" असं सांगून काही होत नाही. प्रश्न विचारला की आधी प्रत्येकाला कागदावर उत्तर लिहू द्या, नाव न घालता, मग कागद गोळा करून तुम्ही वाचा. गट पाडताना साहेब लोकांचा एक वेगळा गट करा, त्यांनाही ते आवडतं. आणि आदल्या दिवशी साहेबांना फोन करून विनंती करा, "सर, पहिला तास तुम्ही फक्त ऐका, शेवटी तुमच्याकडून दोन अनुभव घेतो." बहुतेक साहेब मानतात. न मानणारा एखादा असतो, त्याला फळ्यावर लिहायचं काम द्या, लिहिणाऱ्याला ऐकावंच लागतं.

९. थिअरी किती, प्रॅक्टिकल किती?

ठरलेलं प्रमाण नाही, समोर कोण आहे त्यावर आहे. नवीन माणसाला सोडवलेलं उदाहरण पायरी-पायरीनं दाखवलं की फायदा होतो, पण तेच मुरलेल्या माणसाला दाखवलं तर त्याचं शिकणं उलट मंदावतं, यावर बरंच संशोधन झालंय. त्यामुळं अनुभवी बॅचला थेट बिघाडापासून सुरू करा.

पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा कोर्स घ्या. ट्रेनरनं आदल्या संध्याकाळी डेमो पॅनलमध्ये दोन बिघाड करून ठेवायचे. एका सेन्सरची वायर टर्मिनलला दिसायला नीट, पण आतून ढिली. दुसरीकडं नॉर्मली क्लोज्डच्या (एरवी जोडलेल्या) जागी नॉर्मली ओपन (एरवी तुटलेला) संपर्क. सकाळी आल्या आल्या गटांना पॅनल द्यायचा आणि म्हणायचं, लाइन बंद आहे, प्रॉडक्शनवाले बोंबलायलेत, शोधा. कोण आधी मल्टिमीटर उचलतो, कोण थेट लॅपटॉप लावून प्रोग्रॅम बदलायला बसतो, कोण आधी इनपुट कार्डवरचे दिवे बघतो, हे तुम्ही गपचूप लिहून ठेवायचं. अर्ध्या तासानं फळ्यावर ते मांडलं की थिअरीची गरज लोकांनाच वाटायला लागते. सुरक्षेचं मात्र आधी बघा, डेमो पॅनल २४ व्होल्ट डीसीवरचाच घ्या, ४१५ व्होल्टच्या खऱ्या पॅनलमध्ये बिघाड पेरायचे नाहीत, कितीही हौस आली तरी.

बॅच मिसळलेली असेल, म्हणजे निम्मे नवीन निम्मे जुने, तर प्रत्येक गटात एक जुना ठेवा आणि त्याला नियम घाला की हात लावायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. अवघड जातं त्यांना, पण उद्या तेच ट्रेनर होतात.

१०. मराठीत शिकवू की इंग्रजीत?

साइटवर जसं बोलतात तसं. स्लंप, शटरिंग, कव्हर, टॉर्क, ऑफसेट हे शब्द आहेत तसेच ठेवा, वाक्य मराठी ठेवा. परराज्यातले इंजिनिअर असतील तर हिंदी आलीच. एवढंच, की कोडमधलं वाक्य वाचताना मूळ इंग्रजीच वाचा, त्यात "शाल" आहे की "शुड" यानं अर्थ बदलतो, पहिलं बंधनकारक, दुसरं शिफारस.

११. जेवणानंतर सगळे पेंगतात.

नाइट शिफ्ट करून आलेला माणूस पेंगणारच, त्याला दोष देऊ नका. दुपारचं सत्र उभ्यानं करायच्या कामाला ठेवा. आणि नाइट करून आलेल्यांना पाठवू नका हे एचआरला पत्रातच लिहा.

१२. ऑनलाइन घेतलं तर चालेल का? एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सवर) तर सगळं फुकट आहे.

एनपीटीईएल चांगलंच आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांपेक्षा वेगळी थिअरी तुम्ही काय सांगणार. म्हणून थिअरी तिथूनच बघायला लावा, एखादा ठरावीक भाग नाव घेऊन सांगा, आख्खा कोर्स सांगितला तर कोणी बघत नाही. तुमचा वेळ त्यांच्या साइटच्या प्रश्नांना ठेवा. हिंगोली किंवा भूममधल्या माणसाला एका दिवसासाठी संभाजीनगरला आणण्यापेक्षा दोन तास ऑनलाइन बरं पडतं, फक्त येताना त्याच्या कामाचा एक फोटो घेऊन यायला सांगा आणि सत्र त्या फोटोंवरच चालवा. हातानं करायच्या गोष्टी, वेल्डिंग असो की टेस्टिंग, ऑनलाइन होत नाहीत, तिथं बळंच रेटू नका.

१३. शेवटी परीक्षा घ्यावी का? पन्नाशीतले साहेब लोक परीक्षेला तयार होत नाहीत.

परीक्षा म्हणू नका, केस द्या. काँक्रीटच्या बॅचला मी हे देतो: एम-२० चं (२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटचं) काम, तीन क्यूब, २८ दिवसांचे आकडे २६.१, २४.८ आणि १८.९. पास की फेल?

बहुतेक जण सरासरी काढतात, २३.३ येते, वीसच्या वर आहे, पास. मग कोणीतरी आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमधली अट आठवतो, की कोणताही एक आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांच्या वर सरकता कामा नये. १८.९ जवळपास १९ टक्के खाली आहे, म्हणजे तो नमुनाच बाद, पास-फेलचा प्रश्नच येत नाही. इथं वर्गात जो गलका होतो त्यात निम्मं शिकवणं होऊन जातं, आणि कोणाला येतं, कोणाला नाही हे तुम्हाला मार्क न देता कळतं. गुण द्यावेच लागणार असतील तर गटाला द्या, आणि वैयक्तिक निकाल ज्याचा त्यालाच कळवा, खात्याला नाही, निदान आधी तसं ठरवून घ्या.

१४. ट्रेनिंगचा उपयोग झाला हे कसं कळणार?

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या, त्या अजून चालतात: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि संस्थेला फायदा झाला का. आपल्याकडं गाडी पहिलीवरच थांबते. फीडबॅक फॉर्मवर सगळे "उत्कृष्ट" लिहितात, कारण जेवण चांगलं असतं आणि घरी जायची घाई असते.

तिसऱ्या पातळीसाठी दोन-अडीच महिन्यांनी फोन करा किंवा साइटवर जा, आणि प्रश्न ४ मध्ये जे रजिस्टर आधी बघितलं होतं तेच परत बघा. चौथ्या पातळीचा फार सोस नको. रिजेक्शन कमी झालं तर त्यात नवीन मशीनचाही वाटा असतो आणि चांगल्या मटेरियलचाही, सगळं श्रेय ट्रेनिंगनं घ्यायचं कारण नाही.

१५. हे सर्टिफिकेट इंजिनिअरला बंधनकारक आहे का? डॉक्टरांना पॉइंट लागतात तसे?

देशात सगळ्या इंजिनिअरांसाठी डॉक्टरांसारखी एकच कायदेशीर नोंदणी परिषद नाही, त्यामुळं सरसकट बंधनही नाही. खात्याच्या, कंपनीच्या किंवा व्यावसायिक संस्थेच्या अटी असतात, त्या त्यांच्याकडूनच बघाव्यात. जाहिरातीत "सर्व अभियंत्यांना अनिवार्य" असं मात्र लिहू नका.

१६. माझ्या नोट्स जुन्या आहेत पण विषय तोच आहे. चालतील ना?

किल्लारीचं उदाहरण बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर तो भाग झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडमध्ये झोन १ काढून टाकला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये आला. त्या कोडमध्ये झोन २ चा गुणांक ०.१० आणि झोन ३ चा ०.१६ होता, म्हणजे नुसत्या झोनमुळं भूकंपाचा भार दीडपटीच्या वर जातो. लातूरच्या बॅचपुढं कोणी नव्वदच्या आधीच्या नोट्स काढल्या तर काय होईल ते तुम्हीच बघा.

बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर नोंदणी केली की मानकं फुकट डाउनलोड होतात. प्रत्येक बॅचच्या आधी आवृत्ती आणि दुरुस्त्या दोन्ही तपासा, दुरुस्त्या हमखास राहून जातात. जुन्या नोट्स फेकू नका, काय बदललं आणि का बदललं हे शिकवायला त्याच लागतात, जसं प्रश्न ७ मध्ये झालं.

१७. लोक जबरदस्तीनं पाठवलेले असतात, काहींना तर शिक्षा म्हणून. त्यांचं काय?

सुरुवातीलाच मोकळं करा: "कोणाकोणाला ऑर्डर निघाली म्हणून यावं लागलं?" हात वर होतात, लोक हसतात, ताण जातो. मग विचारा की दिवस जाणारच आहे, तर कामातली कोणती कटकट कमी झाली तर हा दिवस वसूल. फळ्यावर लिहा आणि संध्याकाळपर्यंत निदान एक तरी सोडवा. तरीही एखादा तोंड फिरवून बसला तर बसू द्या.

१८. आमच्याच कंपनीतली फेल गेलेली केस शिकवायला वापरू का?

सगळ्यात चांगलं मटेरियल तेच असतं, पण परवानगी लेखी घ्या. नाव, ड्रॉइंग नंबर, ग्राहक काढून टाका. ज्याच्या हातून ती चूक झाली तो वर्गात बसलाय का हे आधी यादीत बघा. बसला असेल तर त्याच्याशी आधी बोला, त्याला चालत असेल तर त्यालाच सांगू द्या, नसेल तर ती केस त्या बॅचपुरती बाजूला. कोर्टात किंवा विभागीय चौकशीत असलेली केस अजिबात नको, परवानगी मिळाली तरी.

१९. वर्गात कोणी उघड सांगितलं की आमच्याकडं क्यूबचे आकडे ऑफिसात बसूनच भरतात, तर ट्रेनरनं काय करायचं?

प्रश्न १३ ची केस दिली की कधीतरी हे निघतंच. कोणीतरी म्हणतं, "सर, आमच्याकडं असं १८.९ येतच नाही, सगळे २७ च्या आसपासच असतात," आणि चार जण हसतात. तिथं चौकशी अधिकारी होऊ नका, नाव-गाव-काम विचारू नका, नाहीतर त्या बॅचमध्ये परत कोणी खरं बोलणार नाही. पण हसण्यावारी पण नेऊ नका. आकडे खरे असले तर त्यात किती चढउतार दिसायला पाहिजे, एकसारखे आकडे बघून तपासणाऱ्याला शंका कशी येते, आणि उद्या स्लॅब पडला तर कागदावर सही कोणाची असते, हे तिथंच गणितानं दाखवा. सही बहुतेक वेळा त्या हसणाऱ्या चौघांतल्याच कोणाची तरी असते.

हे झालं नेहमीच्या वेळचं. पण बोलण्यातून असं कळलं की एखाद्या चालू इमारतीत, शाळेत, टाकीखाली आत्ता माणसांच्या जिवाला धोका आहे, तर गुप्ततेचं वचन तिथं संपतं. म्हणून असं वचन देतानाच पहिल्या सत्रात सांगून ठेवायचं, की इथलं बोलणं इथंच राहील, जिवाचा धोका सोडून. मग त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा की तुम्ही स्वतः वरच्यांना लेखी कळवताय का, मसुदा करायला मी बसतो. बहुतेकांना तेवढीच सोबत हवी असते. तो नाहीच म्हणाला तर त्याला आधी सांगून, त्याचं नाव न घालता, ज्या कार्यालयानं बॅच पाठवलीय त्याच्या प्रमुखाला तुम्ही लेखी कळवा आणि पोच घ्या. प्रमुखच त्यात असल्याचा संशय असेल तर त्याच्या वरच्या कार्यालयाला.